पळू नकोसचं स्पॅनिश

कुठलीही भाषा शिकायची तर सुरुवात 'नमस्कार'पासून करावी असा प्रघात आहे. मला गरज पडली ती 'पळू नकोस'ची. माद्रिदला मुलीकडे राहायला आले तेव्हा नातू चार वर्षांचा होता. घरात तो छान मराठी बोलायचा, पण उंबरा ओलांडला की त्याचे कान बदलायचे. बागेत मी मराठीतून कितीही ओरडले तरी साहेब ऐकून न ऐकल्यासारखे पुढे. तेच त्याच्या आईने स्पॅनिशमधून दटावलं की जागच्या जागी थांबायचा. कारण उघड होतं. मराठीतला दम फक्त त्याला कळायचा, स्पॅनिशमधला साऱ्या बागेला. चारचौघांत अब्रू जाते हे चार वर्षांच्या पोरालाही समजतं.

माझी स्पॅनिश तोवर मोबाईलवरच्या ॲपपुरती होती. सफरचंद लाल आहे. माझी मांजर दूध पिते. मला मांजर नाही, आणि माद्रिदमध्ये मला सफरचंदाचा रंग कुणी विचारलेला नाही. तर अशा शिदोरीवर एका संध्याकाळी मी बागेत गेले. नातू घसरगुंडीच्या शिडीने न चढता उलट्या बाजूने, घसरायच्या पत्र्यावरून वर चढायला लागला. मी मनात जुळवाजुळव केली. चढणे म्हणजे 'सुबीर', तो चढतो म्हणजे 'सूबे', नाही म्हणजे 'नो'. आणि ठणकावून ओरडले, "नो सूबे!"

बाकावर बसलेल्या एका स्पॅनिश आजीबाईंनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, आणि माझी समजूत घातल्यासारखं म्हणाल्या, "सी के सूबे!" म्हणजे, "चढतो की!"

मी मनाई केलीच नव्हती. 'तो चढत नाही' अशी बातमी दिली होती, आणि ती खोटी होती हे सगळ्यांना समोर दिसत होतं. आजीबाईंना माझा घोळ लक्षात आला असावा. उठून जवळ आल्या, बोट नाचवत म्हणाल्या, "नो सूबास. नो सू-बास." नातू पत्र्याच्या मध्यावर होता. आमचा वर्ग सुरू झालेला पाहून तो निवांत वर पोचला.

दुसऱ्या आठवड्यात मी आमच्या वस्तीतल्या प्रौढांच्या वर्गात नाव घातलं. वर्गात एक मोरोक्कन बाई, दोन युक्रेनियन, एक बांगलादेशी तरुण, आणि सगळ्यांत थोराड मी. आमच्या बाई तिशीतल्या. त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की मला फक्त 'नको' शिकायचंय, बाकीचं सावकाश. त्या हसल्या आणि म्हणाल्या की नेमकं तेच तर आम्ही उशिरा शिकवतो, कारण ते अवघड आहे.

आहेच अवघड. आणि मला वाटतं, या भाषेतली गंमतही तिथेच दडलेली आहे. 'बोल' म्हणजे 'आब्ला'. पण 'बोलू नकोस' म्हणजे 'नो आब्ला' नाही, 'नो आब्लेस'. 'खा' म्हणजे 'कोमे', 'खाऊ नकोस' म्हणजे 'नो कोमास'. आ होता तिथे ए येतो, ए होता तिथे आ. नकार द्यायचा तर क्रियापदाने आपला स्वर शेजाऱ्याला देऊन त्याचा आपण घ्यायचा. काही क्रियापदं तर ओळखू येत नाहीत इतकी बदलतात. 'ये' म्हणजे नुसतं 'बेन', 'येऊ नकोस' म्हणजे 'नो बेंगास'. 'कर' म्हणजे 'आथ', 'करू नकोस' म्हणजे 'नो आगास'. सर्वनामांचीही धावपळ. 'बस' म्हणताना 'सिएन्ताते', इथे 'ते' शेपटासारखं मागे. 'बसू नकोस' म्हटलं की तेच 'ते' उडी मारून पुढे येतं, 'नो ते सिएन्तेस'. आज्ञा करताना मागे उभं राहिलेलं सर्वनाम मनाई करताना दारात आडवं येऊन उभं राहतं, असं मी वहीत लिहून ठेवलं. त्याशिवाय माझ्या डोक्यात राहत नव्हतं.

वर्गात सगळ्यांनी कपाळाला हात लावला. मी लावला नाही, कारण आपणही 'पळ नको' कुठे म्हणतो? 'पळ'चं 'पळू' होतं, मग 'नकोस' येतं. 'करावे'चा नकार 'करावे नाही' होत नाही, 'करू नये' होतो. शिवाय 'फूल तोडू नये' पण 'फुले तोडू नयेत'. नकार देताना मराठीही अंग चोरून घेते. आपल्याला ते जाणवत नाही इतकंच, कारण आपण ते पाठीत धपाटा खाताखाता शिकलेलो असतो.

पण बाईंनी त्या बदलाचं कारण सांगितलं ते मला आवडलं. म्हणाल्या, घडतंय, घडलंय, घडणार आहे असं ज्याबद्दल आपण सांगतो त्याला क्रियापदाचं एक रूप. आणि जे नुसतं मनात आहे, घडावं किंवा घडू नये असं वाटतंय, त्याला दुसरं. मनाई केलेली गोष्ट अजून घडलेली नसते. ती फक्त मना करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असते. म्हणून 'नो सूबास' हा खरं तर हुकूम नव्हे, 'तू न चढावंस' अशी इच्छा आहे. 'ओखाला' या शब्दानंतरही हेच रूप येतं. ओखाला म्हणजे 'असं होवो'. हा शब्द अरबीतून आलेला, त्यात अल्लाचं नाव आहे. बाईंनी तो फळ्यावर लिहिला तेव्हा मोरोक्कन बाई खुदकन हसली, गर्दीत गाववाली भेटल्यासारखी. पाऊस न पडो, 'ओखाला नो ल्युएबा'. पडू नकोस, 'नो ते काइगास'. प्रार्थना आणि मनाई एकाच साच्यातली.

या 'नो ते काइगास'ने मला बरेच दिवस छळलं. पडू नकोस, ही मनाई कशी? कोण ठरवून पडतं? आपणही म्हणतोच, 'बघ हं, पडू नकोस', जणू पडणं पोराच्या मर्जीवर आहे. मग बागेतल्या आयांकडे कान लावून बसले, तर कळलं की त्या हे फारसं म्हणतच नाहीत. त्या ओरडतात, "के ते काएस!" शब्दशः घेतलं तर 'की पडतोस!' म्हणजे आपलं 'पडशील!' नाही, नको, नये काही नाही. जे होईल ते सांगून मोकळं व्हायचं. साताऱ्याला माझी आई आम्हाला दिवसातून वीसदा 'पडशील!', 'भाजेल!', 'मार खाशील!' असंच म्हणायची. नकाराचा एक शब्द न वापरता सगळं बालपण तिने मना करून ठेवलं होतं.

आणि त्या वाक्यात सुरुवातीला येणारा 'के'! व्याकरणाच्या पुस्तकात तो कोपऱ्यात असतो, बागेत मात्र सगळीकडे. पहिल्यांदा म्हणायचं 'नो कोर्रास', पळू नकोस. पोरगं ऐकत नाही. मग 'के नो कोर्रास!' हा 'के' म्हणजे 'मी म्हणते की'मधला शेवटचा उरलेला 'की'. आपण तोच पदर दुसऱ्या टोकाने धरतो, 'पळू नकोस म्हणते ना!' तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली की नुसतं 'के नो!' आणि त्याच्याही पुढची पायरी, 'नी से ते ओकुर्रा', म्हणजे मनातसुद्धा आणू नकोस. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुणी मराठी बाईच बोलली की काय म्हणून वळून पाहिलं.

मी एस.टी.च्या आगारात ३१ वर्षं कारकून होते. म्हणजे मनाई हा माझा पोटापाण्याचा विषय. धूम्रपान करू नये. थुंकू नये. खिडकीतून हात बाहेर काढू नये. वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. असले मजकूर टाईप करून मी कितीतरी वेळा रंगाऱ्याच्या हातात दिले आहेत. त्यामुळे इथल्या पाट्यांशी माझी मैत्री माणसांच्या आधी झाली. जुन्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे वाचलं, 'प्रोइबीदो आब्लार कोन एल कोन्दुक्तोर', आणि चकित झाले. कंडक्टरशी बोलायचं नाही? मग तिकीट कसं काढायचं, सुट्टे कसे मागायचे? नंतर कळलं, स्पॅनिशमध्ये 'कोन्दुक्तोर' म्हणजे ड्रायव्हर. डबल बेल मारणाऱ्या आमच्या तमाम मंडळींच्या वतीने मला जरा वाईट वाटलं.

'प्रोइबीदो' म्हणजे मना केलेलं. त्यात इंग्रजी एचसारखा एक 'ह' लिहायचा असतो, पण उच्चारायचा नसतो, म्हणजे त्या शब्दातच एक मनाई आहे. पाटीवर सगळ्यात सोपं व्याकरण याचंच. प्रोइबीदो लावा आणि पुढे क्रियापदाचं मूळ रूप ठेवून द्या. फुमार ठेवलं की धूम्रपान मना, आपार्कार ठेवलं की गाडी लावणं मना. नाम आलं तर मात्र लिंग सांभाळायचं. त्यांची वाट पुल्लिंगी, म्हणून 'प्रोइबीदो एल पासो'. प्रवेश स्त्रीलिंगी, म्हणून 'प्रोइबीदा ला एन्त्रादा'. आपल्याकडे 'सक्त मनाई' कुणाच्याही बाबतीत सारखीच सक्त.

भिंतींवर एक जुनी पाटी अजून दिसते. 'पत्रकं चिकटवण्यास मनाई, जबाबदार जाहिरातदार कंपनी.' चिकटवणारा गरीब पोऱ्या नव्हे, ज्याची जाहिरात तो जबाबदार. कुणाला धरायचं ते एका ओळीत सांगितलेलं. कार्यालयीन लिखाण म्हणून मी तिला शंभरपैकी शंभर देईन. गॅरेजच्या दारांवर 'बादो पेर्मानेन्ते' असतं, म्हणजे इथून गाडी कधीही आत-बाहेर होईल, त्यासाठी पालिकेला पैसे भरलेले आहेत, समोर गाडी लावू नका. काही ठिकाणी खाली जोडलेलं असतं, 'से आबिसारा आ ला ग्रूआ', गाड्या उचलणाऱ्यांना कळवण्यात येईल. हे 'कळवण्यात येईल' वाचून मला थेट पुणं आठवलं. 'गेटसमोर गाडी लावू नये, हवा सोडण्यात येईल.' कोण सोडणार? कुणी नाही. हवा आपली सोडण्यात येते.

हा जो 'से' आहे ना, 'से आबिसारा'मधला, 'से प्रोईबे'मधला, तो म्हणजे आपला '-ण्यात येईल'. करणारा पडद्याआड. आमच्या घराजवळ एक जुना बार आहे. तिथे भिंतीवर फरशीत भाजलेल्या निळ्या अक्षरांत लिहिलंय, 'से प्रोईबे एल कान्ते', गाण्यास मनाई. हे गाणं म्हणजे फ्लामेंकोचं, पोटातून येणारं. दोन पेले पोटात गेले की कुणीतरी ते सुरू करायचं, टेबलं वाजायची, मग भांडणं. आता तिथे कुणी गात नाही. लोक मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात, आणि ती फरशी शोभेची वस्तू झाली आहे. मनाई इतकी जुनी झाली की तिचं चित्र होतं. सिगारेटची मनाई त्यामानाने ताजी. बार आणि रेस्तराँमध्ये ती पूर्णपणे लागू झाली २ जानेवारी २०११ला. त्याआधी काउंटरखालची जमीन थोटकांनी भरलेली असायची, असं जुनी माणसं सांगतात आणि सांगताना थोडी हळवी होतात.

त्याच बारमध्ये गल्ल्यावर दुसरी पाटी होती. एकेक शब्द लावत मी वाचली. 'ओय नो से फीआ, मान्याना सी.' आज उधारी नाही, उद्या आहे. मी इतकी मोठ्यांदा हसले की बारवाला बाहेर आला. त्याला कसं सांगणार, की साताऱ्याला राजवाड्यावरच्या आमच्या किराणा दुकानात काट्याच्या वर हेच टांगलेलं होतं, 'आज रोख, उद्या उधार'! माझ्या तोडक्यामोडक्या भाषेत मी सांगितलं की माझ्या गावाला पण, सगळीकडे, हेच. तो गंभीरपणे म्हणाला, मग तुमच्या गावालाही लोक दुसऱ्या दिवशी येऊन मागतात?

पाटीची भाषा तोंडाने बोलायची नसते, हे मात्र मी ठेच लागल्यावर शिकले. नातवाला बदाम चालत नाहीत, अंगावर गांध्या उठतात. डिसेंबरात शेजारच्या बाई नाताळची बदामाची वडी, 'तुर्रोन', ताटलीत घेऊन दारात आल्या. वाकून पोराच्या हातावर एक तुकडा ठेवणार, तेवढ्यात मी दोन्ही हात पसरून ओरडले, "प्रोइबीदो!" बाई दचकून एक पायरी मागे. जिन्यातला बोर्डच बोलला असं त्यांना वाटलं असणार. संध्याकाळी मुलगी त्यांच्याकडे जाऊन सगळं समजावून आली आणि मला म्हणाली, "आई, असं नाही म्हणायचं. 'नो पुएदे' म्हण, नाहीतर 'नो ले सिएन्ता बिएन'." म्हणजे त्याला खाता येत नाही, किंवा त्याला नीट बसत नाही. मला गंमत वाटली. बदाम आपल्याकडे चालत नाहीत, त्यांच्याकडे बसत नाहीत. मना करणारा दोन्हीकडे पोराचा पिंड, आजी नव्हे. त्यामुळे कुणालाच राग येत नाही.

मग वर्गात तो गृहपाठ आला. लहानपणी तुम्हाला काय काय मना होतं ते लिहून आणा, 'मे प्रोइबीआन' वापरून. मे प्रोइबीआन म्हणजे 'मला मना करायचे'. कोण करायचे ते त्यात नाही. बांगलादेशी मुलाने लिहिलं, तळ्यात पोहणं. मी लिहिलं, 'मे प्रोइबीआन सिल्बार'. मला शीळ घालायला मनाई होती.

मला फार सुंदर शीळ यायची. भावाने शिकवली होती. त्याला कधी जमली नाही तितकी मला जमली. आठ-नऊ वर्षांची असेन. परसातल्या पेरूवर बसून मी वाजवत होते आणि आजी खालून म्हणाली, "मुली शीळ घालत नाहीत." रागावली नाही. फुलं वेचायला आली होती, वेचून आत गेली. मी झाडावरून उतरले, आणि त्यानंतर कधी शीळ घातल्याचं मला आठवत नाही.

बाईंनी ते वाचलं आणि सहज विचारलं, "किएन?" कोण मना करायचं? आजी? मी म्हटलं, नाही, आजीने मना नाही केली. मग वडील? नाही. मग कोण? मी म्हटलं, ती म्हणाली की मुली घालत नाहीत. बाई क्षणभर थांबल्या आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'एसो नो से आथे'. असं करत नाहीत. त्याखाली, 'एसो नो से दीथे', असं बोलत नाहीत. म्हणाल्या, आमच्या आज्याही याच भाषेत बोलायच्या.

मी त्या 'से'कडे बघत बसले. सांजवेळी नखं कापत नाहीत. उंबऱ्यावर बसत नाहीत. जेवताना बोलत नाहीत. वडीलधाऱ्यांसमोर पाय पसरत नाहीत. कोण नाहीत? आगारात मी टाईप केलेल्या प्रत्येक 'करू नये'खाली उजव्या कोपऱ्यात 'आगार व्यवस्थापक' असं असायचं. पटलं नाही तर त्याच्याकडे तक्रार नेता यायची, नाही नेली तर शिव्या तरी घालता यायच्या. घरातल्या मनाईखाली सहीच नसायची. बाईंनी शेवटी तिसरं वाक्य लिहिलं, 'ते प्रोईबो', मी तुला मना करते. हे फार कमी ऐकाल, म्हणाल्या. ऐकलंत तर समजा की मोठं भांडण झालंय. पण मला त्या फळ्यावरचं तेच एक वाक्य सरळ वाटलं. त्यात भांडायला समोर माणूस तरी आहे.

मग त्यांनी सहज एक माहिती सांगितली. कानारी बेटांपैकी ला गोमेरा नावाचं एक बेट आहे, सगळं दऱ्याखोऱ्यांचं. तिथले लोक या डोंगरावरून त्या डोंगरावर शीळ घालून बोलतात. नुसती हाक नव्हे, अख्खी वाक्यं शिळेत, स्पॅनिशच, पण ओठांची. माणसं ती विसरायला लागली म्हणून १९९९पासून तिथल्या शाळांत ती सक्तीने शिकवतात. २००९मध्ये युनेस्कोने तिची वारशाच्या यादीत नोंद केली. मुलींनाही शिकवतात का, मी विचारलं. बाईंना प्रश्नच कळला नाही. मी तो तीनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारला. शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, वर्गात जे असतील त्यांना."

आम्ही ज्या मेट्रो स्थानकावर उतरतो ते वळणावर आहे. माद्रिदच्या मेट्रोत अशा स्थानकांवर एक सूचना होते, आणि मनाई-शास्त्रातलं इतकं अदबशीर वाक्य मी कुठे ऐकलं नाही. 'लक्ष द्या, वळणावरचं स्थानक. उतरताना डबा आणि फलाट यांच्यामध्ये पाय जाऊ नये म्हणून काळजी घ्यावी.' पाय घालू नका असं म्हणत नाहीत. पाय घालायची कुणाचीच इच्छा नसते, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असावं. वळण हे इथे साधं प्रकरण नाही. चांबेरी नावाचं एक स्थानक तर १९६६मध्ये वळणापायीच बंद केलं. गाड्या लांब झाल्या आणि वळणावरचा फलाट लांबवता येईना. आता ते संग्रहालय आहे. नातवाला तिथे दोनदा नेलं. दोन्ही वेळा त्याने विचारलं, गाडी का थांबत नाही?

परवा आम्ही दोघं घरी येत होतो. सूचना सुरू झाली. नातू आता सहा वर्षांचा आहे, ती त्याला पाठ आहे. बाईच्या आवाजात तो तोंडातल्या तोंडात म्हणत होता. दार उघडलं. फट चांगली वीतभर होती. तो आधी उतरला, वळला, माझा हात घट्ट धरला आणि ओरडला, "आजी, नो पडेस!"

मी जपून पाय टाकला. सरकत्या जिन्यावर मी ते तपासून पाहिलं. 'पडणे'ला त्याने 'आर'ने संपणाऱ्या, 'आब्लार'सारख्या क्रियापदांच्या गणात घातलं होतं, म्हणून शेवटी ए. बरोबर होतं. मग पुढची रूपं चालवत वर आले. नो पडे, नो पडेमोस, नो पडेन.